घर आणि वीज (लेखांक ७) : जनरेटर घ्यायचा, पण केवढा?

मागच्या लेखात इन्व्हर्टर आणि बॅटरीचा हिशेब मांडला होता. १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर साठवते. तिचं आयुष्य राखून वापरायचं तर त्यातले हजार-बाराशेच हाती येतात. दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय यांना ते चार-पाच तास पुरतात. शहरात बहुतेक वेळा तेवढ्यात लाईट परत येते. ज्यांच्याकडे ती दोन-दोन दिवस येत नाही, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, पलीकडे मंडणगड आणि दापोली या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अंधार माणसं सहन करतात, मेणबत्तीवर रात्र निघते. खरी अडचण झाली ती पाण्याची. पावसाळा तोंडावर होता, विहिरींत पाणी होतं. पण रहाट काढून विहिरीवर पंप बसवलेला, आणि पंपाला वीज नाही. बोअरवेल असलेल्या घराला तर कळशी-दोरीचाही आधार नव्हता. म्हणून जनरेटरचा विचार दिव्यांपासून सुरू करू नये. आपल्या घरातली कोणती वस्तू बंद पडली तर घर चालणारच नाही, हे आधी ठरवावं. बहुतेक घरांत उत्तर पाण्याचा पंप हेच येतं. काही घरांत ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा इन्सुलिन ठेवलेला फ्रिज असतं.

पंप हे उत्तर असेल तर पुढचं सगळं गणित तोच ठरवतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, हे शाळेत शिकलेलं असतं आणि दुकानदारही तेवढंच सांगतो. पण ते मोटरने बाहेर दिलेलं काम झालं. आत घेताना एक एचपीची घरगुती मोटर हजार-अकराशे वॅट घेते. आणि खरी मागणी असते ती सुरू होतानाची. थांबलेली मोटर फिरायला लागण्याच्या त्या सेकंदभरात नेहमीच्या तीन ते सहा पट करंट ओढते. महावितरणच्या लाइनमागे एवढी ताकद असते की तुम्हाला फक्त दिवा किंचित मंद झालेला दिसतो. छोट्या जनरेटरमागे ती ताकद नसते. त्याचं इंजिन दबतं, व्होल्टेज कोसळतं, मोटर फिरतच नाही, नुसती गुणगुणत तापते. तसंच चालू ठेवलं तर आधी कॅपॅसिटर जातो, मग वाइंडिंग.

अंदाजासाठी एक धोपट हिशेब चांगला चालतो: पंपाच्या एका एचपीला जनरेटरचे तीन केव्हीए. एक एचपीच्या विहिरीवरच्या पंपाला ३ केव्हीए, दीड एचपीच्या सबमर्सिबलला ५ केव्हीएच्या आसपास. शेतीचा पाच किंवा साडेसात एचपीचा थ्री-फेज पंप असेल तर हातगाडीसारखे ढकलायचे पेट्रोल जनरेटर विसरावेत. त्याला १५-२० केव्हीएचा थ्री-फेज डिझेल संच लागतो, आणि घरापुरता विचार करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. फ्रिजचंही तेच, लहान प्रमाणात: चालताना दीडशे वॅट, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. गीझर, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी यांना सुरुवातीचा धक्का नसतो, पण ती मुळातच हजार-दोन हजार वॅटची धनी. वादळाच्या दिवसांत त्यांना यादीतून काढून टाका.

नामपट्टीवर दोन आकडे असतात, मॅक्सिमम आणि रेटेड. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो मॅक्सिमम, आणि यंत्र तो काही मिनिटंच देऊ शकतं. तासन्‌तास चालवायचं ते रेटेड आकड्यावर. तो आकडा केव्हीएत आहे की किलोवॅटमध्ये हेही विचारा. मोठ्या संचांत ०.८ पॉवर फॅक्टर धरलेला असतो, म्हणजे ५ केव्हीएचे प्रत्यक्षात ४ किलोवॅट. उंचावर राहणाऱ्यांनी आणखी थोडी वजावट करावी. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन-चार टक्क्यांनी घटते. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात त्यामुळे सातवा हिस्सा जातो.

एवढं ऐकल्यावर पुष्कळजण म्हणतात, मग सरळ दहा केव्हीएचाच घेऊन टाकू. माझं स्पष्ट मत आहे की तसं करू नये. डिझेल इंजिन तीस टक्क्यांहून कमी भारावर रोज चाललं तर पुरेसं तापत नाही. इंधन अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळू लागतं, नोझल आणि रिंगा खराब होतात. दोन दिवे आणि एक टीव्ही यांसाठी दहा केव्हीए पेटवणं म्हणजे यंत्राचं आणि खिशाचं नुकसान.

खर्चाचा अंदाज घ्या. लहान पेट्रोल जनरेटर एका लिटरमागे दीड ते दोन युनिट वीज देतो. पेट्रोल शंभरी ओलांडून गेलंय, म्हणजे नुसत्या इंधनापोटी एक युनिट पन्नास ते सत्तर रुपयांना पडतं. या भावाने रात्रभर पंखा फिरवायचा नसतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी जनरेटर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास चालवावा. पहिल्यांदा एकट्या पंपाला सुरू होऊ द्या. हजार लिटरची टाकी बहुतेक पंप अर्ध्या तासात भरतात. पंप चालू झाला आणि इंजिन स्थिरावलं की मग फ्रिज लावा, शेवटी इन्व्हर्टरचं चार्जिंग आणि मोबाईल. तेवढ्यात बॅटरी पूर्ण भरणार नाही, पण दोन तासांच्या चार्जिंगवर एक पंखा आणि दोन दिवे तीनेक तास निघतात. इन्व्हर्टर जनरेटरची वीज घ्यायला नकार देत असेल तर त्याचा यूपीएस मोड बंद करून बघा. त्या मोडमध्ये तो व्होल्टेजबाबत फार काटेकोर असतो.

पेट्रोलवर चालणाऱ्यांत दोन जाती आहेत. साधा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे फिरतो, कारण त्या वेगालाच सेकंदाला ५० आवर्तनं मिळतात. भार असो-नसो, वेग तोच, आवाजही तोच. इन्व्हर्टर जनरेटर आधी डीसी करून मग स्वच्छ एसी बनवतो, त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू फिरतं, पेट्रोल वाचतं आणि शेजारी झोपू शकतात. तो महाग असतो आणि मोटरचा पहिला धक्का सोसण्यात साध्यापेक्षा कमी पडतो. फ्लॅटमधल्या किंवा आजारी माणसाची उपकरणं असलेल्या घराला इन्व्हर्टर जनरेटर, पंप असलेल्या बैठ्या घराला साधा पण चांगल्या ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटरचा, अशी माझी निवड आहे. डिझेलचा सायलेंट संच बंगल्याला किंवा सोसायटीला. नियमाप्रमाणे त्याचा आवाज एका मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो, आणि १ जुलै २०२३ पासून नव्या संचांना धुराचे बरेच कडक निकष लागू आहेत. जुना संच स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना हे लक्षात असू द्या.

आता ज्या गोष्टीवर दुकानात कोणी बोलत नाही, ती. जनरेटरची वीज घरात आणायची कशी? सर्रास चालणारा प्रकार म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर: एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये, आणि मेन स्विच आठवणीने बंद करायचा. आठवण राहिली नाही की वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते आणि डीपीपर्यंत जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे आपल्या वापराइतके व्होल्ट करतो. उलट्या बाजूने वीज आली की तो तितक्याच इमानाने ते पुन्हा हजारोंवर चढवतो. एरवी शेजारच्या घरांचा भार पडून छोटा जनरेटर लगेच बंद पडेल. पण वादळात तारा तुटलेल्या असतात, शेजारचा भार सुटलेला असतो, आणि त्याच वेळी खांबावर जनमित्र चढलेला असतो. आपल्यासाठीच भर पावसात वर चढलेल्या त्या माणसाचा जीव आपल्या आठवणीवर सोडायचा, हे मला कोणत्याही सबबीखाली मान्य नाही.

उपाय स्वस्त आणि साधा आहे: चेंजओव्हर स्विच. त्याची मूठ एका वेळी एकाच बाजूला लागते, लाइनवर किंवा जनरेटरवर, त्यामुळे चूक करायची म्हटली तरी होत नाही. तो दोन पोलचा घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. आणि आरसीसीबीची खात्री करून घ्या. अनेक छोट्या जनरेटरांत न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो. तसा असेल तर जनरेटरवर घर चालताना शॉक लागला तरी आरसीसीबी पडेलच असं नाही, आणि घरचे लोक तो आहे या भरवशावर निर्धास्त असतात. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचंच.

दुसरा धोका धुराचा. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत, न्हाणीघरात किंवा ग्रिलच्या गॅलरीत ओढला जातो, आणि तिथेच घात होतो. खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणून भागत नाही. घराच्या दारा-खिडक्यांपासून सहा मीटर तरी लांब, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या, अशी जागा करा. पुराच्या गावी तिथे जोतं उंच बांधा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी शिरली तेव्हा तळमजल्यावरचं कुठलंच यंत्र वाचलं नसतं. एवढी जागा नसेल तर जनरेटर घेऊ नका, बॅटऱ्या वाढवा.

पेट्रोलबद्दल थोडं. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणच्या दमट हवेत टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल चार-सहा महिन्यांत कार्ब्युरेटर चिकटवून टाकतं. दर महिन्याला जनरेटर पंधरा मिनिटं भारावर चालवा, मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबू द्या. इंजिन गरम असताना टाकी भरू नका.

छपरावर सोलर असलेल्यांनीही हे वाचावं. नेट मीटरिंगचा साधा सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, तारेवरच्या माणसासाठी. वादळात वीज हवी तर त्याला बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो विषय पुढच्या आठवड्यात.

तोवर पंपाच्या नामपट्टीवरचा एचपी आणि अँपिअरचा आकडा वहीत लिहून ठेवा, आणि दुकानात जाल तेव्हा जनरेटर तशाच पंपावर सुरू करून दाखवायला सांगा. दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.