दवाखान्याचा कागद जपून ठेवा

डॉक्टर म्हणजे देव, असे आपण म्हणतो. बहुतेक डॉक्टर आणि नर्सबाई मनापासून काम करतात. पण कोणी हलगर्जीपणा केला तर? कपाळाला हात लावून बसायचे काय? नाही.

१९५३ सालची गोष्ट. कोकणात पालशेत गावच्या समुद्रकिनारी एका तरुण मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेले. तेथील डॉक्टरांनी भूल न देता, माणसे लावून त्याचा पाय जोराने ओढला. मुलगा दगावला. आईबापांनी दावा लावला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६८ साली निकाल लागला. डॉक्टरांची चूक ठरली. ३,००० रुपये भरपाई कायम झाली.

कोर्टाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. हा रोगी आपण घ्यावा की नाही, हे नीट ठरवावे. कोणता उपाय करावा, हे नीट ठरवावे. आणि तो उपाय काळजीने करावा.

मात्र एक ध्यानात धरा. रोगी बरा होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. गुण आला नाही म्हणजे डॉक्टर दोषी, असे नव्हे. काळजी घेतली नाही, तर दोषी.

मग आपण काय करावे? आम्ही चार गोष्टी सांगतो.

१. डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी नंबर असतो. तो पाहा. नंबर नसेल तर विचारा.

२. इंजेक्शनची सुई नवी, बंद पाकिटातली आहे ना, ते पाहा. विचारायला लाजू नका.

३. चिठ्ठी, तपासणीचे कागद, पैशाची पावती एका पिशवीत ठेवा. दवाखान्यातले कागद लेखी मागा. २००२ च्या नियमाप्रमाणे डॉक्टरांनी ते ७२ तासांत, म्हणजे तीन दिवसांत, द्यायचे असतात.

४. दवाखान्यात मारामारी करू नका. २०१० च्या कायद्याने महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. आणि त्याने आपलीच बाजू लंगडी पडते.

तक्रार कोठे करावी? डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर भरपाईसाठी जिल्ह्याच्या ग्राहक कोर्टात जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे. सरकारी दवाखान्याची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी द्यावी.

बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले टिकते. आता तुम्हांला वाचता येते. घरी गेल्यावर डॉक्टरची चिठ्ठी काढा आणि तिच्यावरचा नंबर वाचून पाहा.