हवेचे नळ आणि घरांतील धूळ

दारें-खिडक्या घट्ट लावलेल्या, बाहेर सर्वत्र बर्फ पसरलेलें, मातीचा कण कोठें दृष्टीस पडत नाहीं. आणि तरीहि सकाळीं पुसलेल्या टेबलावर दोन दिवसांत बोटानें अक्षर काढतां यावें इतकी धूळ! अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत किंवा कॅनडांत बिऱ्हाड थाटलेल्या मराठी गृहिणीस हा प्रकार चमत्कारिक वाटला, तर नवल नाहीं. ज्या जाळींतून ऊबदार वारा खोलींत येतो, त्या जाळीवरच साहजिक संशय जातो. हा संशय अर्धा खरा व अर्धा खोटा आहे.

तिकडील पुष्कळ घरांत तळघरांत किंवा माळ्यावर एकच भट्टी असते. तिचा पंखा परतीच्या नळांनीं खोल्यांतील हवा ओढून घेतो. ती हवा गाळणींतून जाते, भट्टीपाशीं तापते आणि पुरवठ्याच्या नळांनीं पुन्हा खोल्याखोल्यांत पोंचते. अर्थात् सामान्यतः हे नळ बाहेरची हवा आणीत नसून घरांतलीच हवा फिरवीत असतात. तेव्हां धुळीचें मूळही बव्हंशीं घरांतच शोधलें पाहिजे. अंगावरून झडणारे त्वचेचे सूक्ष्म कण, कपड्यांचे व गालिच्यांचे तंतु, पाळीव जनावरांचे केस, तळण्याचा धूर आणि पादत्राणांबरोबर येणारी माती, यांचें मिश्रण म्हणजेच ही धूळ. गाळणी विरळ असली, किंवा चौकटींत नीट न बसल्यामुळें हवा तिच्या कडेनें निसटूं लागली, म्हणजे तीच धूळ घरभर फिरत राहते.

परंतु याहून मोठा दोष सांध्यांत असतो. परतीच्या नळांत पंख्याच्या ओढीमुळें हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां कमी असतो. तेथें फट पडली, कीं माळ्यावरील काचतंतूंचा भुगा, उंदरांची घाण, तळघरांतील दमट माती, सारें आंत ओढलें जातें. फट गाळणीच्या पुढें, पंख्याच्या बाजूस असेल, तर ही घाण न गाळतांच खोल्यांत येते. पुरवठ्याच्या नळास फट असल्यास उलट प्रकार होतो. तापविलेली हवा माळ्यावर वायां जाते, घरांत हवेची तूट पडते, आणि ती भरून काढण्यासाठीं बाहेरची हवा भिंतींच्या प्रत्येक भेगेंतून आपल्याबरोबर धूळ घेऊन शिरते. सामान्य घरांत नळांतील सुमारें २० ते ३० टक्के हवा अशी गळून जाते, असा अमेरिकन सरकारी खात्यांचा अंदाज आहे.

येथें प्रश्न केवळ धुळीचा राहत नाहीं. भट्टीजवळच्या परतीच्या नळास फट असेल, तर धुराड्यांतून वर जाणारा वायु उलटा खालीं ओढला जाण्याचा संभव असतो. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असूं शकतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे. म्हणून निजण्याच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारें यंत्र असणें अत्यंत अवश्य होय. आणि नळांची दुरुस्ती झाल्यावर धुराडें नीट ओढतें कीं नाहीं, हें जाणकाराकडून तपासून घ्यावें.

उपायांचा क्रम असा. प्रथम गाळणी पाहावी. तिच्यावरील बाण हवेच्या दिशेनें असावा. एक ते तीन महिन्यांनीं ती बदलावी. गाळण्यांची प्रत 'मर्व्ह' या अंकानें दाखवितात. ८ अंकाची गाळणी जाड धूळ अडविते. १३ अंकाची धुराचेही पुष्कळ कण पकडते. मात्र फार दाट गाळणीनें अशक्त पंख्याचा श्वास कोंडतो. यास्तव यंत्रास झेपेल तीच घ्यावी.

नंतर सांधे पाहावे. पंखा चालू ठेवून सांध्यापाशीं पेटलेली उदबत्ती धरावी. धूर आंत खेचला गेला किंवा बाहेर उडविला गेला, कीं फट सांपडली. तेथें नळांसाठींच मिळणारा लुकणासारखा लेप लावावा. नळांच्या नांवानें विकली जाणारी कापडी चिकटपट्टी मात्र या कामीं निरुपयोगी ठरते. बर्कले येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें १९९८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ती उष्णतेनें लवकर सुटते, असें दिसून आलें.

नळ आंतून साफ करून देणाऱ्यांच्या जाहिराती पुष्कळ असतात. नळाच्या पत्र्याला चिकटलेली थोडी धूळ सहसा तेथेंच राहते. बुरशी, उंदीर-किडे किंवा मार्ग अडविणारा कचरा असेल, तरच हा खर्च करावा, असा अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण खात्याचा सल्ला आहे. फटी तशाच ठेवून केलेली सफाई म्हणजे गळक्या छपराखालीं जमीन पुसणें होय.

मुंबई-पुण्याच्या घरांत भिंतीवर बसविलेल्या थंड हवेच्या यंत्रांना असे नळ नसतात. तरी त्यांची जाळी वेळच्या वेळीं धुण्याचा नियम तोच. आणि सर्वांत स्वस्त उपाय तर मराठी घराला शिकविण्याची गरजच नाहीं: पादत्राणें दाराबाहेर काढावीं. जी धूळ घरांत आलीच नाहीं, ती कोणताही पंखा फिरवूं शकत नाहीं.