प्रोग्रॅमरचा शिक्षक आणि लेखक कसा होतो

विदर्भात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही 'लेट अस सी' हे नाव सांगावं लागत नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, कुठल्याही कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या होस्टेलमध्ये त्याची एक तरी फाटकी प्रत निघते. सी या प्रोग्रॅमिंग भाषेवरच्या या पुस्तकाचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचे, म्हणजे भद्रावतीहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून बी.ई. आणि कानपूरच्या आयआयटीतून एम.टेक. झालेल्या या माणसाने नागपुरातच राहून संगणक शिकवला आणि त्याच वर्गांच्या बळावर पुस्तकं लिहिली. 'पॉइंटर्स इन सी', 'एक्सप्लोरिंग सी', 'टेस्ट युअर सी स्किल्स' अशी त्यांची मोठी रांग आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यांना 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल' म्हणून गौरवलं. नोकरीतल्या कोडिंगकडून शिकवण्याकडे वळू पाहणाऱ्यांनी त्यांचं पुस्तक आता विद्यार्थी म्हणून नाही, कारागीर म्हणून उघडावं.

त्यातला पहिला प्रोग्रॅमच बघा. कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या १९७८च्या मूळ ग्रंथात सुरुवात होते ती पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' उमटवून. कानेटकर सुरुवात करतात सरळव्याजाने. मुद्दल १०००, मुदत ३ वर्षं, दर ८.५. उत्तर २५५. शाळेत हे गणित सोडवलेल्या मुलाला उत्तर आधीच काढता येतं, त्यामुळे यंत्राने बरोबर सांगितलं की चूक, हे तो स्वतः तपासू शकतो. मुद्दल आणि मुदत पूर्णांकात, दर मात्र दशांशात, म्हणून चलांचे दोन प्रकार पहिल्याच पानावर लागतात, आणि का लागतात हेही दिसतं. शिवाय पडद्यावर २५५ येत नाही, २५५.०००००० येतं. ही सहा शून्यं कुठून आली, असा प्रश्न मूल आपणहून विचारतं, आणि छपाईच्या स्वरूपाचा पुढचा धडा तिथेच सुरू होतो. इतका विचार एका दहा ओळींच्या प्रोग्रॅममागे आहे. कशाच्या आधी काय सांगायचं आणि काय आज मुळीच सांगायचं नाही, हे ठरवणं हाच या धंद्याचा कणा आहे, असं माझं ठाम मत आहे.

अडचण अशी, की कामात मुरलेल्या प्रोग्रॅमरला नेमकं हेच जड जातं. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाच्या मातीकामाने ज्यांचे हात घडले, त्या कुंभारांना विचारा: माती 'झाली' हे बोटांना कळतं, पण नवशिक्याला ते शब्दांत सांगताना थांबावं लागतं. दहा वर्षं कोड लिहिलेल्याचंही तसंच होतं. मधल्या पायऱ्या त्याला दिसेनाशा झालेल्या असतात.

एक उदाहरण जवळून पाहू. विंडोजवर पायथन कसं बसवावं, याची सूचना कामाच्या ठिकाणी बहुधा एवढीच असते: 'पायथन इन्स्टॉल करून पाथ सेट करा.' लिहिणाऱ्याला ही पूर्ण वाटते. विद्यार्थी मात्र इन्स्टॉल करतो, काळ्या खिडकीत पायथन असं टाइप करतो, आणि पायथन काही सुरू होत नाही. आता हीच सूचना पुन्हा लिहू: 'इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत सगळ्यात खाली पाथमध्ये पायथन जोडण्यासाठी एक चौकोन आहे. इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी त्यावर टिक करा. इन्स्टॉल झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट नव्याने उघडा. आधीपासून उघडी असलेली खिडकी हा बदल ओळखत नाही. तिथे आवृत्ती विचारणारी कमांड द्या. आकडा दिसला की काम झालं.' कुठे पाहायचं, कधी करायचं, काय दिसलं म्हणजे जमलं, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. तांत्रिक लेखन म्हणतात ते हेच, आणि त्याची सुरुवात नोकरी न सोडता करता येते. आपल्याच प्रोजेक्टची सेटअपची फाइल उघडायची, नव्याने रुजू झालेल्या मुलाला ती देऊन शेजारी गप्प बसायचं, आणि तो जिथे अडेल ते वाक्य दुरुस्त करायचं. आता बरेचसे दस्तऐवज कोडसोबतच गिटमध्ये, मार्कडाउनमध्ये ठेवले जातात, त्यामुळे प्रोग्रॅमरला नवी हत्यारं शिकावी लागत नाहीत.

शिकवण्याच्या दारांना मात्र नियमांच्या कड्या आहेत. पॉलिटेक्निकमध्ये लेक्चरर व्हायला बी.ई. किंवा बी.टेक. प्रथम श्रेणीत लागतं. इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ई. किंवा एम.टेक.ही हवं, आणि दोन पदव्यांपैकी एकीत प्रथम श्रेणी. ज्यांनी आयुष्य उद्योगात घालवलं, त्यांच्यासाठी यूजीसीने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट खुली केली. त्यासाठी किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, ठरावीक पदवीची अट नाही. पण ही नेमणूक कायमची नसते आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. तेव्हा पस्तिशीत वळू पाहणाऱ्याने आधी शनिवार-रविवारची एक बॅच घ्यावी, हे बरं. पहिल्या बॅचमध्ये मुलं जे प्रश्न विचारतात, त्यांची वही पुढच्या पुस्तकाची अनुक्रमणिका असते.

कच्चं लिखाण पक्कं कसं करतात, हे मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात फार चांगलं दिसतं. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो उभा केला. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. रेकॉर्डिंगच्या आधी दोन रकान्यांची संहिता लिहितात: एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात त्या क्षणी काय बोलायचं. मग ती तज्ज्ञाकडे जातेच, पण विषय अजिबात न येणाऱ्या माणसाकडेही जाते. त्याला एकट्याने सगळं करता आलं तरच पुढचं काम. धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होतात, आणि शिकणारा पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ लावून दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करत जातो.

यातला तो अजाण परीक्षक पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसात मिळणं अवघड. तिथे सगळेच जाणते. भद्रावतीत तो शेजारीच राहतो. मराठी माध्यमातून बारावी होऊन यंदाच इंजिनिअरिंगला लागलेली मुलगी, कोळसा खाणीतल्या किंवा आयुध निर्माणीतल्या कामगाराचा पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा. पहिला धडा लिहून झाला की तो कुठे पाठवण्याआधी त्यांच्यापैकी एकासमोर ठेवावा, आणि त्याने पहिला प्रश्न विचारेपर्यंत आपण तोंड उघडू नये.