न्यूट्रोफिल : रचना, कार्यपद्धती आणि वैद्यकीय महत्त्व

प्रस्तावना :
रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या व त्यांच्या प्रकारांचे शेकडा प्रमाण नोंदविलेले असते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात या पेशींपैकी साधारणतः ४० ते ७० टक्के पेशी न्यूट्रोफिल असतात. संख्येने सर्वांत मोठा असलेला हा गट जिवाणू व बुरशी यांच्या संसर्गाविरुद्ध सर्वप्रथम धावून जातो. प्रस्तुत लेखात या पेशींची जडणघडण, त्यांची कार्यपद्धती आणि त्यांच्या अभावाचे परिणाम यांचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८८० च्या सुमारास रक्तपेशी रंगविण्याच्या पद्धती विकसित केल्या. आम्लधर्मी वा अल्कधर्मी रंगांऐवजी उदासीन रंग स्वीकारणाऱ्या कणिका ज्या पेशींत आढळल्या, त्यांना न्यूट्रोफिल ही संज्ञा मिळाली. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. यातूनच पेशीभक्षणाचा सिद्धान्त उदयास आला. या दोन्ही शास्त्रज्ञांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

निर्मिती व रचना :
न्यूट्रोफिल अस्थिमज्जेत तयार होतात. प्रौढ शरीरात त्यांची दैनंदिन निर्मिती सुमारे १०० अब्ज इतकी प्रचंड असते. पक्व पेशीचे केंद्रक दोन ते पाच खंडांत विभागलेले असून हे खंड बारीक धाग्यांनी जोडलेले असतात. अशा केंद्रकामुळे पेशीला अरुंद फटींतून सहज वाट काढता येते. पेशीद्रव्यातील कणिकांत जंतुनाशक प्रथिने व विकरे साठविलेली असतात. या पेशी अल्पायुषी असल्याने त्यांचा पुरवठा अखंड चालू राहणे आवश्यक असते.

कार्यपद्धती :
ऊतीमध्ये जंतू शिरले की तेथील पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिनीचे अस्तर चिकट बनते. वाहत्या रक्तातील न्यूट्रोफिल प्रथम या अस्तरावरून गडगडत मंदावतो, नंतर त्याला घट्ट चिकटतो आणि शेवटी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतो. पुढे रासायनिक संदेशाच्या वाढत्या तीव्रतेच्या दिशेने तो जंतूपर्यंत पोहोचतो.

जंतूला गिळल्यानंतर कणिकांतील द्रव्ये त्याच्यावर रिती होतात. त्याच वेळी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. मायलोपेरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड व क्लोराइड यांपासून हायपोक्लोरस आम्ल बनविते. पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीन मिसळतात तेव्हाही हेच आम्ल निर्माण होते. मायलोपेरॉक्सिडेज हिरवट रंगाचे असते व पुवाला येणाऱ्या हिरवट छटेचे ते एक कारण आहे. पू म्हणजे मुख्यत्वे मृत न्यूट्रोफिलांचाच साठा होय.

२००४ साली बर्लिन येथील संशोधकांनी आणखी एक पद्धत उजेडात आणली. काही न्यूट्रोफिल स्वतःचे डीएनए जाळ्यासारखे बाहेर फेकून जंतूंना त्यात अडकवितात. मात्र हे शस्त्र दुधारी आहे. कोविड-१९ च्या गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तगुठळ्यांतही अशी जाळी २०२० साली आढळून आली.

मुंबई रक्तगटाशी असलेला दुवा :
१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एच प्रतिजन नसलेल्या रक्ताचा शोध लावला. तोच आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो. १९९२ साली इस्रायलमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या दोन बालकांत हाच रक्तगट आढळला. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल विपुल होते, तथापि संसर्गाच्या जागी पू होत नव्हता. याचे मूळ फ्यूकोज या शर्करेत होते. एच प्रतिजनाच्या घडणीस फ्यूकोज लागते, तसेच वाहिनीच्या अस्तरावर गडगडण्यासाठी न्यूट्रोफिलावर जी शर्करासाखळी असावी लागते तिलाही ते लागते. या बालकांच्या शरीरात फ्यूकोजची जोडणीच होत नसल्याने दोन्ही गोष्टींचा अभाव होता. पेशी होत्या, परंतु त्या रक्तातून बाहेर पडू शकत नव्हत्या. एरवी आढळणाऱ्या बॉम्बे रक्तगटात केवळ एच प्रतिजन बनविणारे विकर सदोष असते व न्यूट्रोफिलांचे कार्य अबाधित राहते. त्यामुळे या रक्तगटाच्या व्यक्तींची प्रतिकारशक्ती कमी असते असे समजणे चुकीचे ठरेल.

न्यूट्रोफिलांची कमतरता :
प्रौढांत रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये १,५०० पेक्षा कमी न्यूट्रोफिल असणे ही कमतरता मानली जाते, तर ५०० पेक्षा कमी संख्या ही गंभीर अवस्था होय. येथे केवळ टक्केवारीवर विसंबणे धोक्याचे आहे. एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के असतील, तर टक्केवारी सर्वसाधारण दिसते, परंतु प्रत्यक्ष संख्या अवघी ७२० भरते.

कर्करोगावरील केमोथेरपीमुळे अस्थिमज्जेतील वेगाने विभाजित होणाऱ्या पेशीही नष्ट होतात व न्यूट्रोफिलांची संख्या घटते. अशा रुग्णात पू, सूज, लाली ही संसर्गाची नेहमीची लक्षणे ठळकपणे उमटत नाहीत, कारण ती निर्माण करणाऱ्या पेशीच पुरेशा नसतात. अनेकदा ताप हीच एकमेव सूचना असते. म्हणून उपचार चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे अगत्याचे ठरते. तेथे प्रतिजैविके शिरेतून तातडीने सुरू केली जातात. न्यूट्रोफिलांच्या निर्मितीला चालना देणारे फिलग्रास्टिम हे औषध १९९१ पासून उपलब्ध आहे.

समारोप :
न्यूट्रोफिलांची परिणामकारकता केवळ त्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. योग्य वेळी पोहोचणे, जंतूंचा नाश करणे आणि कार्य संपताच थांबणे या तिन्ही गोष्टी साधल्या तरच शरीराचे रक्षण होते. पेशी पोहोचल्या नाहीत तर संसर्ग बळावतो आणि थांबल्या नाहीत तर स्वतःच्याच ऊतींना इजा पोहोचते. रक्ततपासणीच्या अहवालातील एका आकड्यामागे असलेली ही प्रक्रिया समजून घेतल्यास त्या आकड्याचे गांभीर्य वेळीच लक्षात येऊ शकते.