केस सरळ करण्याची साधने व द्रव्ये : नाव आणि क्रिया

मराठीत 'कुरळे' हे विशेषण केसांच्या संदर्भात बहुधा कौतुकानेच योजले जाते. कन्नडात केसांच्या वळणदार बटेला 'कुरुळ्' म्हणतात. त्या शब्दाशी ह्या विशेषणाचे नाते उघड दिसते. परंतु दमट हवेत कुरळ्या केसांची जी अवस्था होते, तिच्यासाठी आपण 'राठ', 'विस्कटलेले' आणि 'पिंजारलेले' असे तीन शब्द आळीपाळीने वापरतो. हे शब्द समानार्थी नाहीत. 'राठ' हा स्पर्शाचा दोष आहे, 'विस्कटलेले' हा रचनेचा, तर 'पिंजारलेले' हा आकारमानाचा. बाजारात मात्र ह्या तिन्हींना 'फ्रिझी' ह्या एकाच नावाखाली गोळा करून त्यांवर 'केस सरळ करणे' हा एकच उपाय सुचविला जातो. घरी वापरण्याचे साधन किंवा द्रव्य निवडताना पुष्कळांची फसगत होते, तिचा उगम ह्या नामकरणात आहे. वेष्टनावरील नाव बाजूला ठेवून ते द्रव्य केसावर नेमकी कोणती क्रिया करते हे विचारावे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

केस प्रामुख्याने केराटिन ह्या प्रथिनाचा बनलेला असतो. ह्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींशी ज्या बंधांनी जखडलेल्या असतात, त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. पहिला हायड्रोजन-बंध. तो दुर्बळ असतो. पाण्याने सुटतो आणि केस वाळला की पुन्हा जुळतो. दुसरा गंधकाच्या दोन अणूंमधील डायसल्फाइड बंध. तो बळकट असून पाण्याने वा साध्या उष्णतेने सुटत नाही. त्यासाठी तीव्र रसायन लागते. केस सरळ करण्याच्या सर्व पद्धतींची वर्गवारी एका प्रश्नाने करता येते : ह्या पद्धतीत कोणता बंध तुटतो?

केस हवेतील ओलावा किती तत्परतेने शोषतो, ह्याची साक्ष विज्ञानाच्या इतिहासातच आहे. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर ह्यांनी मानवी केसाचा उपयोग करून आर्द्रतामापक तयार केला व 1783 साली त्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास केसाची लांबी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, ह्या गुणावर तो आधारलेला होता. भाषाशास्त्राचे अभ्यासक ज्यांना ओळखतात ते फेर्दिनां द सोस्यूर हे त्यांचेच पणतू. चिन्हक आणि चिन्हित ह्यांचे नाते यादृच्छिक असते, हा त्यांचा सिद्धांत पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

प्रथम उष्ण साधनांचा विचार करू. केस वाळविण्याचे यंत्र आणि तापणाऱ्या पट्ट्यांची इस्त्री ही दोन्ही केवळ हायड्रोजन-बंधाची मांडणी बदलतात. म्हणूनच इस्त्री केलेले केस धुतल्यावर, किंवा मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत नुसते बाहेर पडल्यावरही, मूळ वळणावर जातात. हा साधनाचा दोष नव्हे; त्याच्या क्रियेची ती मर्यादा आहे. निवड करताना पट्ट्या सिरॅमिकच्या की टायटॅनियमच्या ह्या प्रश्नाला जाहिरातीत मोठे स्थान मिळते. वस्तुतः तापमान अंशांत ठरविता येते की नाही, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. बारीक किंवा रंगविलेल्या केसांना 150 अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता पुरे मानावी, आणि दाट केसांसाठीही 200 अंशांच्या वर जाऊ नये. ओल्या केसांवर इस्त्री कधीही फिरवू नये. आत अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन केसात पोकळ फुगे तयार होतात व तेथेच तो तुटतो.

दुसरा वर्ग लेप देणाऱ्या द्रव्यांचा. 'सीरम' ह्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुधा डायमेथिकोनसारखी सिलिकोने असतात. ती कोणताच बंध तोडीत नाहीत. केसाच्या पृष्ठावर पातळ थर देतात. त्यामुळे घर्षण कमी होते व केस एकमेकांत गुंतत नाहीत. तेलाचेही कार्य काही अंशी असेच आहे; परंतु त्यांतही भेद आहे. मुंबईच्या रेले आणि मोहिले ह्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल व खोबरेल ह्यांची तुलना केली. धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसातील प्रथिनाची झीज खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी झाली; इतर दोन तेलांनी तसे घडले नाही. खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तेव्हा तक्रार 'राठ' किंवा 'पिंजारलेले' ह्या शब्दांची असेल, तर तिचे उत्तर पुष्कळदा ह्याच वर्गात सापडते. केस सरळ करण्याची गरजच पडत नाही.

तिसरा वर्ग डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या द्रव्यांचा. 'रिबाँडिंग' किंवा 'स्मूदनिंग' ह्या नावांखाली सामान्यतः थायोग्लायकोलेट वापरतात. ते बंध सोडविते. मग केस सरळ धरून हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने बंध पुन्हा जोडतात. दुसरा प्रकार सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलींचा. त्यात बंधाचेच स्वरूप पालटते व ते पूर्ववत होत नाही. 'नो-लाय' ह्या नावाने वाचकाची सहज दिशाभूल होते. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड नसते हे खरे. पण ग्वानिडीन हायड्रॉक्साइडसारखी दुसरी अल्कली असतेच, आणि त्वचा भाजण्याचा धोकाही राहतो. ह्या दोन प्रकारांची द्रव्ये एकाच केसावर एकामागून एक वापरल्यास केस तुटून पडतात. शिवाय मुळातून उगवणारा नवा केस कुरळाच येतो, कारण त्याचे वळण त्वचेतील कूपाच्या आकाराने ठरलेले असते.

चौथा वर्ग 'केराटिन ट्रीटमेंट' ह्या नावाचा. येथे नाव आणि क्रिया ह्यांतील अंतर सर्वांत धोकादायक ठरते. नावात केसाच्याच प्रथिनाचा उल्लेख असला, तरी अशा अनेक द्रव्यांत केस सरळ ठेवण्याचे काम फॉर्माल्डिहाइड करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली त्याला मानवात कर्करोग घडविणारे द्रव्य ठरविले आहे. 2011 साली अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य प्रशासनाने दिलेल्या इशाऱ्यात, 'फॉर्माल्डिहाइड-मुक्त' असे लिहिलेल्या उत्पादनांतही ते आढळल्याचे म्हटले होते. 'मेथिलीन ग्लायकॉल', 'फॉर्मॅलिन', 'मेथॅनल' ही नावे दिसली, तरी इस्त्रीच्या उष्णतेने निघणारा वायू तोच. फॉर्माल्डिहाइडऐवजी योजल्या गेलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाविषयीही, मूत्रपिंडास वारंवार इजा झालेल्या एका तरुणीचे प्रकरण 2024 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले गेले. अमेरिकेतील 33,497 स्त्रियांच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केस सरळ करणारी द्रव्ये कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अनुमानित प्रमाण 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के आढळले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण सावधगिरीला हे कारण पुरेसे आहे.

म्हणून वेष्टनाचे वाचन वाक्यासारखे करावे. भारतातील 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक प्रमाणाचे घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्याहून कमी प्रमाणाचे घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. अर्थात येथे पदक्रमालाही अर्थ आहे. पुढच्या बाजूस ठळक अक्षरांत छापलेले द्रव्य मागील यादीत शेवटी आले असेल, तर नावाचा मान त्याला नाममात्रच मिळालेला आहे असे समजावे.

ह्या विवेचनावरून घरगुती निवडीचा क्रम सहज ठरतो. आपली तक्रार तीन मराठी शब्दांपैकी कोणती हे आधी निश्चित करावे. लेप देणारी द्रव्ये आणि तापमान ठरविता येणारी इस्त्री घरी वापरण्यास योग्य होत. बंध तोडणारी द्रव्ये, त्वचेवर व एका बटेवर चाचणी घेतल्यावाचून आणि जाणत्या हातावाचून, घरी वापरू नयेत. फॉर्माल्डिहाइड, मग ते कोणत्याही नावाने आलेले असो, बंद खोलीत तापविण्याचा प्रसंग घरी कधीच आणू नये. आणि तक्रार मुळात केसांची नसून इतरांनी त्यांना दिलेल्या विशेषणाची आहे असे आढळले, तर ते विशेषण बदलणे हाच सर्वांत निर्धोक उपाय होय.