कंपनीचा चेक घ्यायचा की बदलीची ऑर्डर?



गेल्या महिन्यात भर दुपारी एक दादा दुकानात आले. चाकणच्या एका कंपनीत 8 वर्षं नोकरी. त्यांची लाइन बंद होतेय. एचआरने दोन पर्याय दिले. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या प्लांटला स्टोअरमध्ये त्याच पगारावर जा, नाहीतर हिशोब घेऊन मोकळे व्हा. हिशोबाचा आकडा होता 2,70,000.

दादा म्हणाले, "सर, तुमचे व्हिडिओ बघतो. पैसे घेतो आणि किराणा दुकान टाकतो. बरोबर ना?"

मी धंदा शिकवतो, म्हणजे लगेच "टाका" म्हणेन असं त्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, "आधी कागद दाखवा."

आधी आकडा फोडा

दादांचा बेसिक आणि डीए मिळून पगार 26,000. कागदावर असं होतं:

- ग्रॅच्युइटी (26,000 × 15 ÷ 26 × 8 वर्षं): 1,20,000
- शिल्लक रजेचे: 20,000
- छाटणीची भरपाई (वर्षाला 15 दिवसांचे 13,000 × 8): 1,04,000
- एका महिन्याच्या नोटिशीचे: 26,000

आता नीट बघा. 5 वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची. आज नाही घेतली तर पुढे नोकरी सोडताना मिळणारच, आणि तोवर वाढलेली असेल. शिल्लक रजेचे पैसेही तुमच्याच कमाईचे. म्हणजे आज सोडण्याचे जास्तीचे मिळतात फक्त 1,30,000. पाच महिन्यांचा पगार! निर्णय घ्यायचा तो या आकड्यावर, 2,70,000 वर नाही.

आणखी एक. ही 15 दिवसांची भरपाई कायद्याने 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना मिळते. मॅनेजर असाल तर कंपनीच्या ऑफरमध्ये काय लिहिलंय तेच बघावं लागतं. आणि सही करताना कागदावर 'राजीनामा' आहे की 'छाटणी' हे वाचा. राजीनामा दिला की छाटणीच्या भरपाईचा हक्क सांगता येत नाही. शंका असेल तर सहीआधी युनियनला किंवा वकिलाला दाखवा.

मग बदलीचा पगार फोडा

"त्याच पगारावर" हे ऐकायला बरं वाटतं. दादांच्या हातात येतात 24,000. वाळूजला खोलीभाडं 6,000, मेस 4,000, महिन्याला दोनदा घरी ये-जा आणि किरकोळ खर्च 3,000. झाले 13,000. घरी उरले 11,000, आणि घरखर्च आहे 18,000. म्हणजे नोकरी टिकली, पण दर महिन्याला 7,000 चा खड्डा.

आणि दुकान?

इथे माझं सांगतो. 27 व्या वर्षी मीही असाच चेक घेऊन बाहेर पडलो होतो. डिपॉझिट, रॅक, फ्रीज, पहिला माल यात सगळे पैसे घातले. घरखर्चाला वेगळे ठेवलेच नाहीत. चौथ्या महिन्यात गल्ल्यातून मुलीची फी भरली, पाचव्यात होलसेलवाल्याने उधारी बंद केली आणि सहाव्यात बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दुकान वाचलं, पण ते तिच्या पाटल्यांवर, माझ्या बीबीएवर नाही.

म्हणून दादांना विचारलं, "वहिनींशी बोललात?" ते गप्प.

तिसरा रस्ता

आठ दिवसांनी दोघं आले. वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंना उठता येत नाही. हे वाळूजला गेले तर मला एकटीला जमणार नाही." मग बदली बाद. पण बदली नको म्हणजे दुकानच, असं कुठे लिहिलंय?

चाकणलाच एका गोडाऊनमध्ये 17,500 हातात देणारं काम मिळत होतं. पगार कमी, पण घरी उरतात वाळूजपेक्षा जास्त. शिवाय पीएफ काढून न घेता त्याच यूएएनवर चालू ठेवला तर पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षांची सेवा तुटत नाही. दादांची 8 झालीत. ग्रॅच्युइटीचं मीटर मात्र पुन्हा शून्यापासून, हेही सांगितलं.

दादांनी छाटणीचा कागद घेतला, राजीनामा लिहिला नाही. 1,30,000 एफडीत. दर रविवारी ते माझ्या काउंटरवर बसतात. कोणता माल किती दिवसांत हलतो, उधारी कोण बुडवतं, सगळं वहीत लिहितात. दुकान अजून टाकलेलं नाही, आणि मला त्याची घाई नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर तीन आकडे एका कागदावर लिहा: सोडल्याचे जास्तीचे किती, बदलीनंतर घरी उरतं किती, आणि धंद्यातून एक रुपया न घेता घर किती महिने चालेल. तो कागद आधी घरच्यांना दाखवा, मग एचआरला उत्तर द्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!