मामाचं विमान आता कोणाचं?

मामा शारजाला एसी मेकॅनिक आहे. वर्ष-दीड वर्षाने एकदा येतो आणि येतो तो गणपतीतच. त्यामुळे पाऊस सुरू झाला की वेळणेश्वरच्या आमच्या घरात मखराच्या आधी तिकिटाची चर्चा. कोणतं विमान, केवढ्याला, बॅग किती किलो. यंदा आजीने मध्येच तोंड घातलं, "ते आपलं सरकारचं विमान आहे ना, महाराजावालं, त्याने ये म्हणावं."

"आजी, ते विकलं."

"विकलं? कोणी? आणि पैसे कुठे गेले?"

तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प. ऑक्टोबर 2021 मध्ये एअर इंडिया टाटांकडे जाणार हे जाहीर झालं, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या स्टेटसला लाल पगडीवाला महाराजा होता. 'घरवापसी' हा शब्द तर इतका चालला की पुढचं काही वाचायची गरजच वाटली नाही. घरवापसी खरीच. जेआरडी टाटांनी 1932 मध्ये कराचीहून जुहूला पहिलं टपालाचं विमान आणलं. 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला पहिलं आंतरराष्ट्रीय विमान गेलं. 1953 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि 27 जानेवारी 2022 ला परत दिली. पण आजीने इतिहास विचारला नव्हता, हिशोब विचारला होता.

हिशोब बाबांनी सांगितला, आणि नारळाच्या वाडीवर सांगितला म्हणून डोक्यात शिरला. हजार कोटी म्हणजे एक लाख धरा. वाडीवर कर्ज साडेएकसष्ट लाख. वर रोज दोन हजारांचा तोटा. घेणारा म्हणतो, अठरा लाखांना घेतो. पण हातात रोख फक्त 2 लाख 70 हजार, बाकीचं 15 लाख 30 हजारांचं कर्ज माझ्या नावावर करा. उरलेलं सव्वाशेहेचाळीस लाखांचं कर्ज? ते तुमचं तुम्ही बघा.

खरे आकडे असे: एकूण कर्ज 61,562 कोटी, टाटांनी उचललं 15,300 कोटी, सरकारला रोख 2,700 कोटी, आणि सरकारने वेगळ्या काढलेल्या कंपनीवर गेलं 46,262 कोटी. त्या कंपनीकडे 14,718 कोटींच्या जमिनी आणि इमारतीही दिल्या. नरिमन पॉइंटची ती प्रसिद्ध बिल्डिंग टाटांना मिळाली नाही ती यामुळेच. पुढे महाराष्ट्र सरकारने ती 1,601 कोटींना घ्यायचं ठरवलं. म्हणजे आजी, पैसे कुठे गेले नाहीत. उलट फेडायचे राहिले आणि फेडणारे आपण.

"मग विकलीच कशाला?" आजी.

कारण रोजचे दोन हजार, म्हणजे खरे 20 कोटी. न विकता ठेवली असती तर ते चालूच राहिले असते. माझी तक्रार विकण्याबद्दल नाही, इतक्या उशिरा विकण्याबद्दल आहे. 2001 मध्ये प्रयत्न झाला होता. तेव्हाही टाटा रांगेत होते, सिंगापूर एअरलाइन्सबरोबर. सिंगापूरवाल्यांनी अंग काढून घेतलं आणि सगळं बारगळलं. मग एकदम 111 नवी विमानं घ्यायचं ठरलं, 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण झालं आणि कर्ज फुगत गेलं. 2018 मध्ये 76 टक्के हिस्सा विकायला काढला, तर एकही गिऱ्हाईक आलं नाही.

या व्यवहारात एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्टेटसवर नव्हती. त्याच वाडीच्या कोपऱ्यात एक तुकडा असा होता की ज्यावरची झाडं लागत होती: एअर इंडिया एक्सप्रेस. 2005 मध्ये सुरू झालेली, मुख्यतः आखातात जाणारी स्वस्तातली कंपनी. एकाच जातीची चोवीस-पंचवीस विमानं, तीन-चार तासांची फेरी, जेवणाखाण्याचा थाट नाही आणि आत बहुतेक मामासारखी माणसं. तिची खरी घरची माणसं केरळची, पण आपल्या किनाऱ्यावर गावोगावी 'गल्फला' असलेल्यांची गोष्ट वेगळी नाही. 2019-20 मध्ये हिने सुमारे 412 कोटी नफा कमावला. महाराजा तोट्यात आणि मजूर नेणारी नफ्यात! तीही त्याच अठरा हजारांच्या गाठोड्यात गेली.

शेजारचे काका मात्र या हिशोबावर खूश नव्हते. ते 1990 मध्ये कुवेतला होते. सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा ट्रक, बस करत बगदादमार्गे जॉर्डनला पोहोचले, अम्मानजवळ तंबूत राहिले आणि तिथून एअर इंडियाने मुंबईला आले. दोन महिन्यांत जवळजवळ पाचशे फेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं तेव्हा आणली. "तिकिटाचे पैसे कोणी मागितले नाहीत रे," काका म्हणाले. "खाजगीवाला येईल का असा?"

प्रश्न मला पटला होता. पण त्याचं उत्तर कंपनी विकल्यावर जेमतेम महिन्याभरातच मिळालं. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि 26 फेब्रुवारी 2022 ला बुखारेस्टहून मुलांना घेऊन पहिलं विमान मुंबईत उतरलं, ते टाटांकडे गेलेल्या एअर इंडियाचंच. मागोमाग इंडिगो, स्पाइसजेट, हवाई दलही. पैसे सरकारने भरले. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सरकार पाठीशी होतं म्हणून." तेही खरंच.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये वाद वेगळाच झाला, नोकरीचा. विक्रीच्या वेळी कंपनीत 12,085 माणसं होती, त्यातली 8,084 कायम. अट अशी की पहिलं वर्ष कोणाला काढायचं नाही, दुसऱ्या वर्षी काढायचं तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची. कालिन्याच्या कॉलनीतल्या कुटुंबांना घरं रिकामी करायची नोटीस आली, प्रकरण हायकोर्टात गेलं. मे 2024 मध्ये एक्सप्रेसच्या शेकडो केबिन क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, फेऱ्या धडाधड रद्द झाल्या, पंचवीसएक जणांना काढलं आणि समेट झाल्यावर परत घेतलं. आमच्यातल्या एकीला एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफमध्ये जायचंय. ती एवढंच म्हणाली, "पर्मनंट हा शब्दच सिलॅबसमधून काढा आता."

आणि मामा? त्याला मालक कोण याच्याशी घेणं नाही. सरकारी होती तेव्हाही सणासुदीला भाडं चढायचंच, तो सांगतो. त्याला लागली ती किलोंची गोष्ट. 2024 मध्ये एक्सप्रेसने यूएईच्या फेऱ्यांवर फुकटच्या सामानाची मर्यादा 30 वरून 20 किलो केली होती. ओरड झाली आणि काही महिन्यांनी परत 30 झाली. त्या दहा किलोंत काय काय बसतं ते आमच्या घराला विचारा: दुधाची पावडर, खजूर, आजीचं ब्लँकेट, माझे शूज.

परवा रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. आजीने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"सरकारचं नाही म्हणे ते आता."

"नाही गो. पण तीस किलो देतायत."

"मग ब्लँकेट जाडं आण."